जीव नकोसा होतो का?

फेब्रुवारी लागला की मला अजूनही परीक्षेची धास्ती वाटते. वास्तविक मला निवृत्त होऊन किती वर्षं झाली, माझी कुठली परीक्षा नाही, घरात दहावीचं कोणी नाही. तरी सकाळी गॅलरीत उभी राहिले आणि खालच्या आंब्याच्या मोहोराचा तो तुरट वास आला की हात आपोआप काहीतरी चाचपायला लागतात. खडू असेल, लाल पेन असेल, देव जाणे काय असेल. लोकांना मोहोर बघून कैऱ्या आठवतात. मला प्रिलिमचे पेपर आठवतात. माझा स्वभावच मुळी काळजीचा, त्याला मोहोर तरी काय करणार!

यंदा त्यात भर म्हणून एक मुलगी घरी आली. कुठल्याशा संस्थेत काम करते. शाळाशाळांतून मुलांना प्रश्न विचारायचे, त्यांची उत्तरं मोबाइलवर भरून घ्यायची आणि मग शाळा, डॉक्टर, आईबाप, गावातली चार माणसं यांना एकत्र बसवून मुलांच्या मनासाठी काय करता येईल ते ठरवायचं, असं तिचं काम. "बाई, तुम्ही जुन्या शिक्षिका. प्रश्नांचं मराठी एकदा नजरेखालून घालाल?" म्हणाली. मी मोठ्या रुबाबात चष्मा लावला. झोप नीट लागते का, भूक लागते का, मित्र आहेत का, सगळं ठीक होतं. पुढचं पान उलटलं आणि तो समोर आला. 'तुम्हाला कधी जीव नकोसा होतो का? हो किंवा नाही.'

मी चष्मा काढून ठेवला. तिला म्हटलं, तू चहा घे बाळ. माझा कप तसाच निवत राहिला.

हा प्रश्न माझ्या चांगला ओळखीचा आहे. नव्वदच्या दशकातला एक अख्खा फेब्रुवारी मी त्याच्याबरोबर काढला आहे.

तेव्हाचं पनवेल आठवायचं तर मला आधी आवाज आठवतात. आमच्या शाळेच्या वरच्या मजल्यावरून कर्नाळ्याचा सुळका दिसायचा, हात वर करून उभ्या राहिलेल्या मुलासारखा. मी रोज त्याच्याकडे बघून भूमिती शिकवायची. रस्त्यावरून कळंबोलीच्या लोखंडबाजाराकडे जाणारे ट्रक सळ्यांचा खणखणाट करत जायचे, की प्रमेय मध्येच थांबवावं लागायचं. मुलं खूश. तिन्हीसांजा झाल्या की लाइट जायची आणि खाडीकडून डास यायचे, दोघांनी आपसात ठरवल्यासारखे. एका हातात पुस्तक, दुसऱ्या हातात वहीचा पुठ्ठा, असा दहावीचा अभ्यास चालायचा. घरोघरी टाळ्यांचे आवाज. कोणाला वाटावं, आरती चाललीय.

आणि त्या वर्षी आमच्या घरातही दहावी होती. माझी मुलगी मंजू. ती माझ्याच शाळेत, माझ्याच वर्गात. पाचवीत आली तेव्हाच तिनं नियम करून टाकला होता की शाळेच्या फाटकात शिरलं की मी 'बाई' आणि फाटकाबाहेर पडलं की 'आई'. तो नियम ती इतका कडक पाळायची की तिचे बाबा म्हणायचे, "अगं, तुझी पोरगी फाटकातच कूस बदलते." शाळेत 'बाई, तुम्ही' आणि घरी 'आई, तू'. वर्षानुवर्षं त्यात कधी गफलत झाली नाही.

त्या हिवाळ्यात आमच्या शाळेजवळ दवाखाना असलेल्या डॉक्टरीणबाई एकदा माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "अहो, दहावीची पोरं पोट दुखतंय म्हणून येतात. तपासून तपासून मी दमले. पोटात काही सापडतच नाही." पेपरात तेव्हा परीक्षेच्या सुमाराला आतल्या पानावर चार ओळींच्या बातम्या यायच्या. त्या वाचून आपण पान उलटतो, पण त्या डोक्यातून जात नाहीत. डॉक्टरीणबाईंनी मुंबईच्या कोणाकडून तरी एक प्रश्नावली मिळवली होती. मुलांनी नाव न लिहिता ती भरायची, म्हणजे ती खरं लिहितील. मग सगळ्यांनी मिळून काय करायचं ते ठरवू, असा त्यांचा बेत होता. मला तो फार आवडला. माझ्यासारख्या बाईला काळजीचं काहीतरी ठोस हातात मिळालं तर बरंच वाटतं.

प्रश्नावली होती इंग्रजीत. मराठी करण्याचं काम आमच्या हेडसरांनी अंगावर घेतलं. हेडसर संस्कृतचे. पहिल्या खर्ड्यात त्यांनी लिहिलं, 'आपणांस जगणे निरर्थक भासते काय?' ते वाचून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सर, हे तर मलाच कळलं नाही." सर बिचारे हिरमुसले. दोन दिवस विचार करून त्यांनी आपला सगळा अभिमान बाजूला ठेवला आणि साध्या, घरगुती, रोजच्या मराठीत प्रश्न लिहून आणला. जीव नकोसा होतो का? आम्ही दोघींनीही मान डोलावली. इतकं सोपं मराठी सरांनी जन्मात लिहिलं नव्हतं.

कागद भरून आले, आणि जवळजवळ सगळ्या वर्गानं त्या प्रश्नाला 'हो' म्हटलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी ते गठ्ठे पुन्हा पुन्हा लावून बघितले. हेडसर खुर्चीत बसले ते उठेचनात. शिपायाकडून पाणी मागवलं आणि भांडं हातात तसंच धरून ठेवलं. "अख्खा वर्ग?" एवढंच म्हणत राहिले. दुसऱ्या दिवशी गच्चीच्या दाराला नवं कुलूप आलं, मागच्या विहिरीवर जाळी बसली. मी वर्गात शिकवत होते, पण शिकवत नव्हतेच. कोणी बाकावर डोकं टेकलं की मी त्याच्या बाकाशी. कोणी पाणी प्यायला गेलं आणि वेळ लागला की मी दारात. पोरं म्हणायला लागली, बाईंना झालंय तरी काय!

आणि घरी मंजू. 'हो' म्हणणाऱ्यांत ती होती की नव्हती? नाव नाही, काही नाही. विचारायचं तरी कसं? खरं लिहा, कोणी विचारणार नाही, असा शब्द मीच तर वर्गाला दिला होता. मी तिच्याकडे चोरून बघायची. ताटातलं किती खाल्लं, दिवा किती वेळ चालू होता, खिडकीशी का उभी आहे. ती वैतागायची. "अशी बघू नकोस ना गं माझ्याकडे." मग मी घाईघाईनं दुसरं काहीतरी बोलायची, आणि माझ्या तोंडून निघायचं तेच, "भूमितीचा पेपर सोडवलास का?" आईच मी, आणि वर गणिताची बाई. दुसरं सुचणार तरी काय?

त्याच आठवड्यात कधीतरी जेवताना ती म्हणाली, "बाई, थोडी आमटी वाढा."

तिचे बाबा ठसका लागेपर्यंत हसले. "अगं, फाटक इथवर आलं की काय!" मंजूही हसली. मीही हसले आणि आमटी वाढली. पण ते 'वाढा' माझ्या घशाखाली उतरेना. बाई म्हणाली याचं एवढं नाही, जीभ घसरते माणसाची. ती मला घरात, माझ्याच स्वयंपाकघरात, 'वाढा' म्हणाली. मला रडू आलं, ते मी मिरचीच्या फोडणीवर ढकललं.

मग सगळ्यांना बोलावून बैठक झाली. हेडसर, डॉक्टरीणबाई, मी, पालकांच्या वतीनं कापडबाजारातले एक शेठ आणि मोहल्ल्यातले मुकादमचाचा. शेठ मोठे दिलदार, पण बोलायला लागले की थांबत नाहीत. चाचांचे दोन्ही मुलगे आखातात, नातवंडं आमच्या शाळेत. हेडसरांनी निकाल सांगितला. एकच गहजब झाला. कोणी म्हणे योगासनं सुरू करा, कोणी म्हणे चांगलं व्याख्यान ठेवा, शेठ म्हणाले सगळ्यांना एकदा कर्नाळ्याला फिरवून आणू, बस मी देतो. एवढ्यात लाइट गेली. पंखा घरघरत थांबला. शेठनी धोतराच्या सोग्यानं मान पुसली आणि करवादून म्हणाले, "छे छे छे! या लाइटीनं तर जीव अगदी नकोसा केलाय हो!"

मग डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि मी त्यांच्याकडे.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात सरळ विचारलं, "काय रे, जीव नकोसा कधी होतो तुमचा?" नुसता कालवा! "मच्छर चावतात तेव्हा, बाई!" "लाइट गेल्यावर!" "एसटीत उभं राहून!" आणि मागच्या बाकावरून कोणीतरी, "भूमितीच्या तासाला!" मी इतकी हसले की मला फळ्याला टेकावं लागलं. मुलांनी खरं तेच लिहिलं होतं. पनवेलमध्ये फेब्रुवारीत ज्याचा जीव नकोसा होत नाही तो माणूसच नव्हे. हेडसरांना सांगितलं तेव्हा त्यांनी आकाशाकडे हात जोडले. "म्हणजे काहीच नाही! सुटलो! निरर्थक भासते, हेच बरोबर होतं माझं."

त्या दिवशी शाळेत सगळ्यांना पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. मी घरी आले, संध्याकाळच्या भाताला तांदूळ निवडायला घेतले आणि माझा हात ताटातच थांबला. तांदळात काळा खडा असला तर पटकन दिसतो. पांढरा असला तर दिसत नाही, घास घेतल्यावर दाताखाली येतो. एवढ्या सगळ्या डासांच्या 'हो'मध्ये एखादा 'हो' खरा असला तर? आता तर तो कधीच सापडणार नव्हता. मघापर्यंत भीती सगळ्या वर्गाची होती, ती निदान सगळ्यांत वाटली जात होती. आता ती एकाच मुलाची झाली, आणि ते मूल कोण ते माहीत नाही. आतल्या खोलीत मंजू वाचत होती. वाचत होती की नुसती बसली होती, कोण जाणे.

मी डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्याही तशाच बसल्या होत्या. म्हणाल्या, "प्रश्न चुकला, म्हणून काळजी चुकली असं नाही ना?" मग आम्ही ठरवलं, पुन्हा विचारायचं. पण या खेपेला शब्द आमचे नकोत.

वर्गाला म्हटलं, "तुम्हीच सांगा. खरोखर आतून वाईट वाटत असेल, तर तुम्हाला काय विचारलं म्हणजे तुम्ही खरं सांगाल?" आधी खिदळली. मग हळूहळू गप्प झाली. बाहेरून सळ्यांचा ट्रक गेला. गव्हाणहून एसटीनं येणारा नरेश उभा राहिला. एरवी हा पोरगा उत्तर येत असलं तरी तोंड उघडायचा नाही. म्हणाला, "बाई, तुमी असं इचारा. शाळा सुटल्यावर घरी जावंसं वाटतं का नाय?" आणि खाली बसला. एकही पोर हसलं नाही. मंजू वहीच्या कोपऱ्यावर काहीतरी गिरवत होती. तिनं मान वर केली नाही.

कोऱ्या चिठ्ठ्यांवर उत्तरं आली. मी त्यांना हात लावला नाही. माझी मुलगी त्या वर्गात, मला तिचं अक्षर झोपेतही ओळखू येतं. डॉक्टरीणबाईंनीच वाचल्या आणि बैठकीत एवढंच सांगितलं की पुष्कळांना जावंसं वाटतं. काहींना नाही वाटत. मारहाण वगैरे नाही बहुतेकांकडे. पण घरी पाऊल टाकलं की पहिला प्रश्न अभ्यासाचा येतो. आखातातून फोन येतो, तोही मार्कांचा. पाहुणे येतात, तेही विचारतात. "पोरं म्हणतात, घरी आम्ही नसतोच, आमची दहावीच असते."

शेठ पहिल्यांदाच गप्प झाले. त्यांचाही मुलगा दहावीतच होता. मुकादमचाचा दाढीवरून हात फिरवत म्हणाले, "बच्चे थकलेत बाई. त्यांना लेक्चर बिलकूल नको. थोडा वेळ कुठं नुसतं बसू दे." आणि त्यातूनच सगळं ठरलं. शाळा सुटल्यावर तळमजल्यावरची एक खोली दिवेलागणीनंतरही उघडी ठेवायची. ज्याला घरी लगेच जायचं नाही त्यानं तिथं बसावं. शेठनी पेट्रोमॅक्सची बत्ती आणि रॉकेल दिलं. चाचांकडून शेंगदाणे यायचे, आणि उशीर झाला तर मोहल्ल्यातल्या मुलींना न्यायला ते स्वतः यायचे. गव्हाणच्या मुलांसाठी नंतरच्या एसटीला थोडं थांबवायला हेडसर डेपोत जाऊन आले. रोज आमच्यातलं एक मोठं माणूस तिथं बसणार होतं, आणि त्या माणसाला नियम एकच होता. अभ्यास झाला का, असं विचारायचं नाही. हेडसरांनी तो खडूनं दारावरच लिहून टाकला. अगदी सोप्या मराठीत.

खोली उघडली त्या संध्याकाळी मी मोठ्या समाधानानं डोकावायला गेले. आत बोलण्याचा, हसण्याचा आवाज येत होता. बाहेर चपलांचा ढीग. बघता बघता माझी नजर एका जोडावर गेली. निळ्या पट्ट्याचा, डाव्या पायाचा अंगठा मी स्वतः चांभाराकडून शिवून आणला होता.

आमचं घर शाळेपासून हाकेच्या अंतरावर. गव्हाणची एसटी नाही, मोहल्ल्याचा अंधारा बोळ नाही. घरी गरम पोळ्या होत्या, टेबलाशी दिवा होता, आणि मी होते. तरी माझी पोर त्या खोलीत बसली होती. ती खोली कोणासाठी उघडली होती, हे माझ्याइतकं कोणाला माहीत होतं? मी आत गेले नाही. घरी आले आणि अंधारातच बसून राहिले. तिचे बाबा कळंबोलीच्या पेढीवरून आले, शर्टाला नेहमीचा लोखंडाचा वास. म्हणाले, "अगं, दिवा तरी लाव." मी त्यांना सांगितलं तेव्हा ते नेहमीसारखे हसले नाहीत. म्हणाले, "बसू दे तिला तिथं. परत येते ना? बस झालं." रोज ती परत येईपर्यंत मी दारात. आली की तोंडावर आलेला प्रश्न गिळायचा आणि पान वाढायचं. असे ते दिवस. इतकं कठीण गणित मी आयुष्यात सोडवलं नाही.

हे सगळं त्या मोबाइलवाल्या मुलीला मी सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, "तुझा प्रश्न काढू नकोस. पण त्याचे शब्द मुलांकडून घे. आणि उत्तरं आली की मोठ्यांना सांग, घाबरून कुलपं लावू नका." तिनं ते लिहून घेतलं. मग विचारलं, "तुमच्या वेळी याचा उपयोग झाला होता का हो, बाई?" मी म्हटलं, झाला असावा. सगळ्यांचं मला काय माहीत? एकीचं माहीत आहे.

एका संध्याकाळी त्या खोलीत बसायची पाळी माझी आली. मी कोपऱ्यात सुपारी कातरल्यासारखे खडूचे तुकडे करत बसले, कारण हातांना काहीतरी हवं आणि बोलायचं तर नाही. मंजू मैत्रिणींत, माझ्याकडे पाठ करून. लाइट गेली. बत्ती पेटवायला नरेश उठला, पण काडेपेटी सापडेना. आणि डासांनी जो काही हल्ला चढवला! मी पायावर, दंडावर, गालावर फटके मारले आणि शेवटी न राहवून ओरडले, "मेल्यांनी जीव नकोसा केलाय बाई अगदी!"

मग अंधारातून नरेशचा आवाज आला, "बाई, 'हो'वर खूण करा!"

खोली नुसती फुटली. पोरं बाकांवर हात आपटून हसत होती, मी हसत होते, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते कशाचं ते अंधारात कोणाला कळायचं कारण नव्हतं. त्या गोंधळात माझ्या खांद्याशी कोणीतरी आलं. शाळेच्या फाटकाच्या आत, सगळ्या वर्गासमोर म्हणालं, "आई, चल ना घरी."

मुकादमचाचा मुलींना न्यायला दारात आलेच होते. पोरांना त्यांच्यावर सोपवून आम्ही निघालो. तळ्याच्या काठानं गेलो, लांबचा रस्ता. मोहोराचा वास होता, पलीकडच्या घरांत कंदील लागत होते.

"तू विचारलं नाहीस मला," ती म्हणाली.

"काय?"

"पहिल्या कागदावर मी काय लिहिलं ते."

"नाव लिहायचं नव्हतं ना. मग विचारणार कशी?"

"हो, असं लिहिलं होतं."

"डासांमुळे?" मी म्हटलं.

"नाही."

मी तिचा हात धरला. लहानपणी बाजारात धरायची तसा, मनगटाजवळ घट्ट. तिनं सोडवून घेतला नाही. आमच्या घराची पायरी दिसायला लागली तेव्हा कुठे माझ्या तोंडातून शब्द निघाला.

"आणि आता गं?"

तिनं दुसऱ्या हातानं मानेवर चापट मारली, हातावर काय आलं ते अंधारात बघायचा प्रयत्न केला, आणि म्हणाली, "आता डासांमुळे."